धागा: नववीच्या वर्गात 'शरीराचे बांधे' शिकवले आणि घोळ झाला

खडू_डस्टर (तासगाव)
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाल्यापासून पीटीचा तासही माझ्याच गळ्यात आहे.

गेल्या आठवड्यात पावसानं मैदानाचं तळं झालं होतं, म्हणून नववीचा तास वर्गातच घेतला. विषय शरीराचे प्रकार. फळ्यावर तीन आकृत्या काढल्या: गोलसर एंडोमॉर्फ, रुंद खांद्यांचा मेसोमॉर्फ आणि काडीसारखा एक्टोमॉर्फ. चित्रकला यथातथाच, त्यामुळे एंडोमॉर्फचा पार रांजण झाला. पोरं हसली, मीही हसलो. इथवर ठीक होतं. मग विचारलं, "आपल्या वर्गात कोण कुठल्या चित्रात बसतं?" प्रश्न तोंडातून बाहेर पडला तेव्हाच कळलं की चुकलं, पण आता काय.

दोन मिनिटांत अख्ख्या वर्गाची वाटणी झाली. एका मुलीला इतके दिवस पोरं 'ढोल' म्हणायची, त्यावर मी दोनदा ओरडलोही होतो. आता तिला 'एंडो' म्हणतात, आणि ओरडायची सोय राहिली नाही, कारण शब्द मीच दिलेला. शास्त्रीय शिवी. पाचव्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, "सर, पोरगी डबा तसाच परत आणती. रात्री चपाती अर्धी करून ठेवती. काय शिकवलंय तुम्ही?"

विषय सोडून द्यायचा नाही, कारण हीच पोरं मोबाईलवर 'तुमचा बॉडी टाइप ओळखा' छापाचे व्हिडिओ बघून प्रोटीन पावडरचे डबे मागवतात. पण पुन्हा शिकवायचं तर कसं? शिक्षक, डॉक्टर, तालमीतले लोक, कुणीही सांगा.

फाटक्या_तोंडाचा
आमच्या वेळी मास्तर सरळ 'ए जाड्या' म्हणायचे. आम्ही मेलो का?

औंधची_ताई (सातारा)
मेला नाहीत, पण आयडी काय घेतलाय ते बघा.

सर, तुमच्याइतकाच घोळ मीही घातलाय, फक्त वजनकाट्यावर. प्रगतीपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतात ना, ते भरायला मी मुलींना रांगेत उभं करायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. एक मुलगी लिहून घ्यायची. चौथ्या-पाचव्या मुलीपर्यंत रांगेत कुजबुज सुरू व्हायची, आणि दरवर्षी दोघी-तिघी त्या दिवशी नेमक्या 'आजारी'. मला हे कळायला सहा वर्षं लागली. आता काटा ग्रंथालयात कपाटामागं ठेवते, एकेक मुलगी आत येते, आकडा तिच्या चिठ्ठीवर आणि माझ्या वहीत. गैरहजेरी संपली.

लाल_माती (कुंडल)
सर, तालमीत असली चित्रं नसायची. नवं पोरगं आलं की वस्ताद पोटाकडं बघायचेच नाहीत. मनगट धरायचे, गुडघ्याची वाटी बघायचे, मान बघायचे. मग खांद्याचं मांस चिमटीत दाबून म्हणायचे, "मांस हाय का मेण हाय?" दोन पोरं साठ-साठ किलोची, एकाचं मांस, एकाचं मेण. काट्यावर दोघं सारखीच, मातीत नाय.

आणि आमच्यात वजनगटाचं येड लय. गट गाठायला पोरं दोन दिवस पाणी तोडतात, जाड कपडे घालून उन्हात पळतात, थुंकत बसतात. काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि पोरगं खूश. अरे, गेलं ते पाणी, चरबी जागेवरच. एकजण माझ्यासमोर चक्कर येऊन पडलाय. हे शिकवा आधी.

डॉ_मिरज
वस्तादांचं 'मांस का मेण' हेच आमच्या भाषेत बॉडी कम्पोझिशन, शरीराची घडण. सर, तुमच्या धड्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच फळ्यावर आल्यात. बांधा म्हणजे बाहेरून दिसणारा आकार. घडण म्हणजे त्या आकारात चरबी किती, स्नायू किती, हाडं किती, पाणी किती. आजाराशी संबंध मुख्यतः घडणीचा. पोरं बघतात फक्त आकार.

तीन प्रकारांचा इतिहास मुलांना जरूर सांगा, त्यानं त्या शब्दांचा दरारा कमी होतो. विल्यम शेल्डन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यानं १९४० साली ही नावं दिली, गर्भाच्या तीन थरांवरून: एंडोडर्म, मेसोडर्म, एक्टोडर्म. तो तिथं थांबला असता तर बरं होतं. त्यानं पुढं जाऊन बांध्यावरून स्वभाव ठरवला: गोल माणूस आरामप्रिय नि लोकांत रमणारा, पिळदार माणूस धडाडीचा, काटकुळा माणूस बुजरा. हे टिकलं नाही. त्याच्या आधी १९२१ मध्ये जर्मनीत क्रेट्श्मरनं असंच बांधा आणि मनोविकार यांचं लग्न लावलं होतं, तेही मोडलं. शेल्डननं मापं घेतली ती फोटोंवरून, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचे विवस्त्र फोटो काढले गेले. पुढं बोभाटा झाला आणि बरेचसे फोटो नष्ट केले. म्हणजे आपण वर्गात जे हसण्यावारी नेतो, त्याची सुरुवातच दुसऱ्याच्या अंगाकडं खरा हेतू न सांगता बघण्यातून झालेली आहे.

पण शेल्डनच्या मांडणीत एक शहाणपण होतं आणि व्हिडिओवाल्यांनी नेमकं तेच गाळलं. त्यानं माणसांचे तीन डबे केले नव्हते. प्रत्येक माणसाला तीन आकडे दिले होते, १ ते ७ मध्ये. २-५-३ म्हणजे एंडो दोन, मेसो पाच, एक्टो तीन. तिन्ही प्रत्येकात असतात, कमीजास्त. १९६७ मध्ये हीथ आणि कार्टर यांनी फोटो बाजूला ठेवून हे मोजमापांवर आणलं: उंची, वजन, चार ठिकाणी चिमटीत धरलेल्या त्वचेच्या घडीची जाडी, कोपर आणि गुडघ्याच्या हाडांची रुंदी, दंड आणि पोटरीचा घेर. एकूण दहा मापं. क्रीडाशास्त्रात आजही हीच पद्धत चालते, आणि तिच्यात स्वभावाबद्दल एक अक्षर नाही. वस्ताद मनगट आणि गुडघा बघायचे ते काही उगाच नाही.

खडू_डस्टर
डॉक्टर, मी तर तीन डबेच काढले होते. झाकणासकट.

हे आकडे शाळेत काढता येतील का? आमच्याकडं एक काटा, एक भिंतीवरची पट्टी आणि भौतिकच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी), एवढीच सामग्री.

डॉ_मिरज
तिसरा आकडा, म्हणजे एक्टोचा, फक्त उंची-वजनावर निघतो. सेंटिमीटरमधली उंची भागिले किलोतल्या वजनाचं घनमूळ. समजा एक काल्पनिक मुलगा १६५ सेंटिमीटर, ६४ किलो. ६४ चं घनमूळ ४, तर १६५ भागिले ४ म्हणजे ४१.२५. हा आकडा ४०.७५ च्या वर असेल तर त्याला ०.७३२ नं गुणा आणि २८.५८ वजा करा. येतात साधारण १.६. तेवढ्याच उंचीचा, पण ४८ किलोचा घेतला तर ४.६ च्या आसपास. घनमुळाचा नववीला चांगला सराव होतो. गणिताच्या मॅडम दुवा देतील.

कोपराच्या हाडाची रुंदी तुमच्या व्हर्नियरनं घेता येईल. मात्र काल्पनिक माणसांचीच गणितं द्या, वर्गातल्या कुणाचंही नाही.

हरिपूरकर
सांगलीत आमच्या जिममध्ये एक मशीन आहे. अनवाणी उभं राहायचं, दोन दांडे धरायचे, चिठ्ठी बाहेर येते. सकाळी चरबी २६ टक्के, संध्याकाळी व्यायाम करून गेलो तर २३. एका दिवसात ३ टक्के? आणि शरीराचं वय दाखवलं ४८. मी ३७ चा आहे. बायकोनं चिठ्ठी फ्रिजवर लावलीय.

डॉ_मिरज
मशीन चरबी मोजत नाही, अंदाज बांधतं. अंगातून अगदी बारीक वीज सोडतं. स्नायूत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी, म्हणून त्यातून वीज सहज जाते. चरबीत पाणी फार थोडं, तिथं अडते. म्हणजे तुम्ही पाणी कधी प्यालात, घाम किती गेला, जेवलात कधी, यावर आकडा हलणारच. बघायचंच असेल तर रोज एकाच वेळी, उपाशीपोटी बघा, आणि महिन्यांचा कल बघा. पेसमेकर बसवलेल्यांनी त्यावर उभंच राहू नये. वयाचं म्हणाल तर चिठ्ठी फ्रिजवरून काढा.

माणदेशी_धाव (दहिवडी)
सर, पोरांना आपल्याच भागातले खेळाडू दाखवा की. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहाव्या आल्या. तिथून जवळच आटपाडी तालुक्यातलं करगणी, तिथल्या सचिन खिलारी यांनी २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरचं रौप्य आणलं. दोघंही माणदेशाचे, त्याच दुष्काळातले. एकाला मैलोगणिक वाहायचं अंग हलकं लागतं, दुसऱ्याला गोळ्यामागं लावायला वजन लागतं. सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात वेटलिफ्टिंगला उतरून २०२२ च्या राष्ट्रकुलात रौप्य घेऊन आला. ५५ किलो म्हटल्यावर तुमच्या वर्गानं त्याला काडीच्या चित्रात बसवलं असतं.

आणि आमच्याकडं मेंढरं घ्यायला व्यापारी येतो ना, तो लांबून बघून कधीच भाव करत नाही. लोकरीखालून पाठीच्या कण्यावर बोटं फिरवतो. कणा टोचला तर मेंढरू खंगलेलं, कणा लागतच नसला तर नुसती चरबी. मेंढराला जो न्याय तो माणसाला नाही.

खिलार बैलाला मुऱ्हा म्हशीसारखं गोल व्हायला कुणी सांगत नाही, एवढं सांगितलं तरी आमच्याकडची पोरं समजतील.

लाल_माती (कुंडल)
आमचे खाशाबा विसरलात होय? गोळेश्वरचे, कराडजवळचे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला कुस्तीत ५२ किलोत सहावे, १९५२ ला हेलसिंकीला ५७ किलोत कांस्य. चार वर्षांत पाच किलोनं वरचा गट. हलका गडी म्हणजे कच्चा गडी, असं कुणी म्हणलं की मी हेच सांगतो.

फाटक्या_तोंडाचा
एवढं मोजमाप कशाला? बीएमआय काढा, २५ च्या वर गेला की भात बंद. विषय संपला.

डॉ_मिरज
विषय इथंच सुरू होतो. हे सूत्र, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, १८३२ च्या सुमाराचं, बेल्जियमच्या क्वेटलेचं. तो खगोल आणि गणिताचा माणूस, त्याला समाजाची सरासरी काढायची होती, तुमचा भात बंद करायचा नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी दिलं. आणि आपल्या लोकांसाठी २५ ही रेघ उशिराची आहे. भारतीय प्रौढांत २३ पासूनच वजन जास्त धरतात, २५ ला स्थूलता. कारण आपली घडण.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण पुण्याचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले प्रा. युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला, शेजारीशेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३. तंतोतंत. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला याज्ञिक काही जाड नाहीत. यालाच बारीक-पण-चरबीयुक्त भारतीय म्हणतात. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या गटानं नवजात बाळं मोजली तेव्हा दिसलं की आपली बाळं वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूपच कमी, स्नायूही कमी, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून. म्हणजे हे जन्माआधीपासूनचं आहे. वर्गातलं काडी-पोरगं सुरक्षित आणि गोल पोरगी धोक्यात, असं नुसतं बघून कुणालाही म्हणता येत नाही. मलाही नाही, आणि मी रोज माणसं तपासतो.

मुलांना तर प्रौढांचे २३-२५ लावूच नका. पाच ते अठरा वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. त्यातही एक आकडा बघायचा नसतो, दर सहा महिन्यांचे ठिपके जोडून रेघ कुठं चाललीय ते बघायचं. मुलींची उंची साधारण बाराच्या आसपास झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाच्या. त्याच काळात मुलींच्या अंगावर चरबी चढते, चढायलाच हवी. पाळी नीट सुरू राहायला ती लागते. सर, तुमच्या नववीतली मुलगी अर्धी चपाती ठेवतेय म्हणजे ती या गरजेशीच भांडतेय. तिच्या आईला सांगा, वजनावर बोलणं घरातही थांबवा, आणि खाणं असंच राहिलं किंवा पाळी चुकली तर डॉक्टरांना दाखवा. हे तेवढं लांबवू नका.

खडू_डस्टर
आईशी कालच बोललो. मुलीशी स्वतंत्र बोललो नाही, ते माझ्या मॅडम सहकारी बोलल्या. वर्गात मी माझ्या चुकीबद्दल माफी मागितली, तिचं नाव न घेता. शब्द बंद झालाय असं म्हणणार नाही, माझ्यासमोर तरी बंद आहे.

आता दुसरा तास आखतोय. आपल्या भाषेतच घडण दडलीय असं काल रात्री लक्षात आलं. 'काटक' आणि 'मरतुकडा' यांचं वजन सारखंच असू शकतं. 'दणकट' आणि 'थुलथुलीत' यांचंही. फरक मांसाचा. आमची आजी 'हाडापेरानं भक्कम' म्हणायची, तो मेसोचा आकडाच की. 'शेलाटा', 'ठुसका', 'गुटगुटीत', 'सुकटासारखा', 'आडव्या अंगाचा', वहीचं एक पान भरलं. यातला कुठला शब्द आकार सांगतो आणि कुठला घडण, हे पोरांनी लावायचं. माणसांना नाही, शब्दांना.

औंधची_ताई (सातारा)
झकास. शिव्या आधी वेगळ्या काढा मात्र, नाहीतर पोरं त्यांचाच कोश करतील.

सर, प्रयोग हवा असेल तर घनतेचा घ्या. चरबीची घनता साधारण ०.९, स्नायूंची १.०६. म्हणजे एक तरंगणार, एक बुडणार. पहिल्या वर्षी मी खाटकाकडून चरबीचा आणि मांसाचा तुकडा आणला होता. प्रयोग उत्तम झाला, पण त्या दिवशी संकष्टी होती, दोन पालक थेट मुख्याध्यापकांकडं गेले. पुढच्या वर्षी थिजलेल्या तुपाचा गोळा आणि बटाट्याची फोड घेतली. तूप तरंगतं, बटाटा तळाला जातो. काचेचं भांडं घ्या, स्टीलचं घेतलं तर मागच्या बाकावरून दिसत नाही.

मग विचारायचं, विहिरीत पोहताना उताणं पडून कोण तरंगतं आणि कुणाचे पाय खाली जातात? पाठीला डबा बांधून शिकलेली पोरं लगेच सांगतात. अंगात तूप जास्त तो तरंगतो, बटाटा जास्त त्याचे पाय बुडतात. पहिल्यांदाच वर्गातल्या जाड मुलाला एखादी गोष्ट जास्त चांगली जमते असं निघालं. तो मुलगा म्हणाला, "बाई, म्हणून मी दमत नाय."

डॉ_मिरज
बरोबर. छातीतली हवाही तरंगवते, ते विसरू नका. माणसाला पाण्याखाली बुडवून वजन करायची जुनी पद्धत याच तत्त्वावर आहे, त्यात फुफ्फुसातली हवा वजा करतात. १९६१ चं सिरीचं सूत्र: ४९५ भागिले घनता, वजा ४५०. घनता १.०५ आली तर चरबी २१.४ टक्के.

हरिपूरकर
आणि १.१ आली तर बरोबर शून्य. म्हणजे त्यानं बिनचरबीच्या शरीराची घनता १.१ धरलीय. दहावीनंतर पहिल्यांदा बीजगणित कामाला आलं.

औंधची_ताई (सातारा)
आमच्याकडं घडी मोजायचा चिमटा, म्हणजे स्किनफोल्ड कॅलिपर, आहे. मुलांसाठी दोनच जागा पुरतात: दंडाची मागची बाजू, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, आणि पोटरीची आतली बाजू. अंगठा आणि बोटानं कातडी चरबीसकट उचलायची, स्नायू सोडून. चिमटा लावल्यावर दोन सेकंदांनी वाचायचं. दोनदा मोजून सरासरी. दोन्ही जागांची बेरीज मुलाची असेल तर ०.७३५ नं गुणून १ मिळवा, मुलीची असेल तर ०.६१ नं गुणून ५.१. मुलाची बेरीज २२ मिलिमीटर आली तर चरबी १७ टक्क्यांच्या थोडं वर.

पण हे मी फक्त खेळाच्या संघातल्या मुलींचं करते, पालकांची सही घेऊन, दार लोटून, आणि आणखी एक बाई सोबत असताना. वर्गाला दाखवायचं तर मी माझ्याच दंडावर लावते. माझा दंड चांगला बोधप्रद आहे.

माणदेशी_धाव (दहिवडी)
घरी करायला सुतळीचं द्या. सुतळीनं उंची मोजायची, ती निम्म्यात दुमडायची आणि कंबरेभोवती लावून बघायची. टोकं जुळली की बरं. आमच्या वडलांना दोन बोटं कमी पडली, ते म्हणाले सुतळी आटलीय.

लाल_माती (कुंडल)
😂 आमच्या वस्तादांची तर एक मीटरभर आटली असती.

खडू_डस्टर
दुसरा तास झाला. तूप वितळलं, कारण वर्गात उकाडा आणि मी ते खिशातल्या डबीत ठेवलेलं. तवंग आला, पण तवंगही वरच राहिला, त्यामुळे मुद्दा गेला नाही. शब्दांच्या खेळाला वेळ कमी पडला. 'काटक'वरून वाद झाला, निम्मा वर्ग म्हणतो आकार, निम्मा म्हणतो घडण. तो मिटवला नाही. ती मुलगी काही बोलली नाही, पण बटाट्याची फोड भांड्यात टाकायला पुढं आली होती.

ताई, तुमचा तो चिमटा आठवडाभर मिळेल का? माझ्याच दंडावर लावीन, शब्द देतो.

औंधची_ताई (सातारा)
मिळेल. शनिवारी अर्धी शाळा आहे, दुपारी कराडला बहिणीकडं येणार आहे. दीड वाजता स्टँडवर, रसाच्या गाड्यापाशी. डबीत घालून आणते, स्प्रिंग सैल आहे, उघडताना सांभाळा.